परक्या माणसाची तक्रार

माझी वहिनी पोलादपूरला नाचणीचे पापड करते आणि त्या पापडांना आजवर आमच्या गोतावळ्यात कुणी नावं ठेवलेली नाहीत. ते विकायचं तिच्या मनात आलं तेव्हा मी म्हटलं, महाडच्या बाजारात दे, कुठलाही दुकानदार घेईल. ती म्हणाली, "वन्सं, हितं सगळी ओळखीची. चांगलंच बोलनार. परका मानूस खाऊन काय बोलतो, ते मला ऐकायचं हाय."

तिचं हे म्हणणं मला भारी आवडलं. मी महाडला शाळेत शिकवते आणि नसत्या चौकशा करण्याची मला पहिल्यापासून खोड आहे. तिच्यासाठी एक साधी वेबसाइट तयार केली आणि ऑनलाइन विकणाऱ्यांना काय नियम असतात ते वाचायला घेतलं. वाचता वाचता मला चांगलाच रस वाटू लागला. विकणाऱ्याने नाव-पत्ता उघड द्यायचा, माल परत घेण्याच्या अटी आधीच सांगायच्या. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि तक्रार आली की अठ्ठेचाळीस तासांत तिची पोच द्यायची. अधिकारी कोण, तर वहिनीच! तिला तसं सांगितलं तर तिने पदर खोचला आणि विचारलं, "मग तक्रार कधी येनार?"

तक्रार कुठली यायला! आधी कौतुकच येऊन पडलं. "असा पापड जन्मात खाल्ला नाही," "एकदम फर्स्टक्लास," आणि प्रत्येकाखाली पाच तारे. वहिनी हरखली. मला मात्र राहवेना, कारण यातल्या एकीनेही पापड मागवलेले नव्हते. खोदून विचारलं तेव्हा कळलं, लिहिणाऱ्या सगळ्या तिच्याच वाडीतल्या. आमच्याकडे पापड एकटीने कुणी लाटत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी बायका जमतात, गरम उकड तेल लावून खातात, आणि जिच्या घरी खाल्लं तिचं चारचौघांत चांगलंच बोलतात. तीच रीत त्यांनी मोबाइलवर पाळली होती.

विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहू नयेत, असं नियमात होतं. मी विचारात पडले. या बायका पापड लाटणाऱ्या, म्हणजे विक्रेत्याच्या बाजूच्या. पण खाल्लं तर त्यांनी खरंच होतं, मग खोटं काय बोलल्या? शेवटी मी वहिनीलाच विचारलं. तिने क्षणभरही विचार केला नाही. "यात परकं कोन हाय? काढून टाका."

मी अभिप्राय काढले आणि वाडी रुसली. पुढच्या खेपेला लाटायला शेजारच्या म्हाताऱ्या काकू तेवढ्या आल्या. वहिनी रोज ते रिकामं पान उघडून बघायची. कशाला वाचले मी ते नियम, असं मला होऊन गेलं.

मग नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने लिहिलं, "पापड कुरकुरीत आहेत, पण मीठ जास्त आहे."

वहिनीला बक्षीस मिळाल्यासारखं झालं. तिने लगेच पोच धाडली, पुढच्या वेळी मीठ कमी घालते म्हणून कळवलं. मग स्वतः घरोघर जाऊन तिने रुसलेल्या बायकांना लाटायला बोलावणं केलं. परका काय बोलला ते ऐकायला सगळ्या आल्या. मीही महाडहून गेले. वहिनीने तक्रार मोठ्याने वाचून दाखवली.

"जास्तच असतं गो तुझं मीठ," काकू हळूच म्हणाल्या. "पहिल्यापासून."

वहिनीच्या हातातलं लाटणं थांबलं. "मग इतकी वर्सं बोलला का नाय?"

"आपल्या मानसाला कोन सांगतं?"

वहिनीने परातीतल्या उकडीचा गोळा तोडला, तेल लावून काकूंच्या हातावर ठेवला. "खावा. आनि आता सांगा."

काकूंनी चाखून बघितलं. सगळ्यांकडे एकदा नजर टाकली.

"आज कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

वहिनी उठली आणि मिठाचा डबा घेऊन आली.