पुढच्या डॉक्टरकडं

डाव्या डोळ्यासमोर आधी एक काळा धागा आला. मला वाटलं, आढ्याचं जाळं लोंबतंय. केरसुणी घेऊन झाडायला गेलो तर जाळं माझ्यासंगंच फिरायला लागलं. वर पाहिलं की वर, खाली पाहिलं की खाली. पुढं त्या धाग्याचा धूर झाला, चुलीत ओलं सरपण घातल्यावर होतो तसा. चोळलं तरी जाईना, धुतलं तरी जाईना.

कुणाला सांगितलं नाही. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, अन् घरात दवाखान्याचं नाव काढायची माझी इच्छा नव्हती. एक डोळा झाकून पाहायचो, मग दुसरा. उजव्यानं भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं, डाव्यानं नुसता धूर. असं करतानाच सुनेनं पकडलं. पोरगा पुण्याला कंपनीत आहे. घरी सून, तिची लेकरं अन् मी.

"मामा, भिंतीला डोळा काहून मारून राहिले?"

"कचरा गेला."

"आठवडा झाला, कचराच जाऊन राहिला का? जेवताना ताटाच्या बाहेर हात चालतो तुमचा. मी काय आंधळी हाय?"

"मी होईन," मी बोललो. तोंडातून निघूनच गेलं. 

मी म्हटलं, बाजारच्या दिवशी जवळा बाजार गावाला जातोच, तिथं मेडिकलवर दाखवतो.

"तिथं बाजारला हाडाचा डॉक्टर बसतो, मामा. डोळ्याला पट्टा बांधून आणता का?"

हे तिनं बोलायला नको होतं. पण खोटं नव्हतं. आमच्याकडं डॉक्टर दुखण्यावरून ठरत नाही, वारावरून ठरतो. मेडिकलच्या मागं एक खोली असते. मोठ्या गावचे डॉक्टर पाळीपाळीनं येऊन तिथं बसतात. एका वारी लेकरांचा, एका वारी बायांचा, बाजारच्या दिवशी हाडाचा. माणूस मिरची-मीठ घ्यायला बाजारला जातोच, मग चक्कर असो, सूज असो, छातीत चमक असो, हाडवाल्यालाच दाखवून येतो. परत वेगळं गाडीभाडं कोण घालणार?

बायकोची पाठ दुखायची. पाठ म्हणजे हाड, आम्हाला तेवढंच कळलं. डॉक्टरनं कमरेला पट्टा दिला, गोळ्या दिल्या. दोन दिवस बरं वाटायचं, परत बाजार यायचा. त्याचं काम हाडाचं, त्यानं हाड पाहिलं. असे किती बाजार गेले. ती पिवळी पडत गेली, अंगणातून आत येईपर्यंत धापा टाकायला लागली, तेव्हा हिंगोलीच्या फिजिशियनकडं नेलं. फिजिशियन म्हणजे अख्ख्या शरीराचा डॉक्टर. तो चिरफाड करत नाही, तपासण्या करून मूळ शोधतो. त्यानं पापणी उलटी करून पाहिली, रक्त काढलं अन् म्हणाला, किडनीवर ताण आहे, नांदेडला किडनीवाल्याकडं जा. किडनीवाला म्हणाला, किडनी बिघडली आहे पण मूळ दुखणं दुसरीकडं आहे, रक्ताच्या डॉक्टरकडं जा. रक्ताला वेगळा डॉक्टर असतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानं सांगितलं, हा रक्ताचा कॅन्सर आहे. हाडाच्या आत वाढतो, हाड पोखरतो, त्याची घाण किडनीत जाऊन बसते. मी उभी हयात सिद्धेश्वरच्या कालव्यावर वावरांना पाणी वाटणारा पाटकरी म्हणून काढली. शेवटच्या वावरात पाणी पोचलं नाही तर दोष त्या वावरात नसतो, वर कुठंतरी पाट फुटलेला असतो. त्यामुळं डॉक्टरचं बोलणं मला बराबर कळलं. चौथी शिकलेल्या माणसालाही कळावं असं त्यानं सांगितलं. ही मात्र सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "मग आता हा पट्टा काढू का?" डॉक्टर मान हलवून हो म्हणाला. तिनं तिथंच पट्टा सोडला, घडी केली अन् पिशवीत ठेवला. त्यानंतर तिनं फार दिवस काढले नाहीत.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं. डॉक्टर 'पुढं जा' म्हणाला की माणूस गेला. प्रत्येक पुढचा डॉक्टर आणखी मोठ्या गावचा अन् आणखी हळू बोलणारा.

सुनेनं मला हिंगोलीला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. थेंब टाकले, हनुवटी मशीनवर टेकवायला लावली, आत उजेड मारला. मशीनमधून पाहतच त्यानं विचारलं, "बाबा, शुगर आहे का?"

"न्हाई."

"कधी तपासली?"

"तपासली न्हाई."

"मग नाही कसं म्हणता?"

बोटाला सुई टोचली. आकडा पाहून त्यानं माझ्याऐवजी सुनेकडं पाहिलं.  म्हणाला, साखरेनं डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक नसा खराब झाल्यात, त्यातून रक्त सांडलंय. तुम्हाला धूर दिसतो ते रक्त आहे. "मोतीबिंदू असता तर मीच काढला असता. पडद्याचं काम माझं नाही. नांदेडला पडद्याचा डॉक्टर आहे, त्याच्याकडं जा. साखरेसाठी फिजिशियनकडं. उशीर करू नका."

तेच शब्द, तोच आवाज. बाहेर येऊन मी पायरीवर बसलो.

"घरी चल. मी कुठं जात न्हाई."

"काहून?"

"तुझ्या सासूचं पाहिलं न मी. ह्यानं त्याच्याकडं धाडलं, त्यानं तिसऱ्याकडं. शेवटच्या दारात काय असतं मला ठाऊक हाय."

थेंबांमुळं तिचं तोंड दिसत नव्हतं, उन्हात नुसता पांढरा डाग. आवाज मात्र चांगलाच आला.

"मामा, रागवा पण ऐका. आत्याबाई पुढं धाडल्यानं न्हाई गेल्या. पट्टा बांधून घरी बसल्या, त्यानं गेल्या. पहिला हाडवालाच म्हणला असता, हे माझं काम न्हाई, तर? ह्यो माणूस पहिल्याच दिवशी म्हणून राहिला, माझं काम न्हाई. अन् तुमी त्याच्यावरच चिडून राहिले!"

"लई वकील झाली तू."

"झालेच. उद्या डोळे गेल्यावर हाताला धरून संडासला कोण नेईल? मीच न? माझा बी स्वार्थ हाय."

 वर्षभर मी जे उलटं धरून बसलो होतो ते या पोरीनं रस्त्यावर सुलटं करून दाखवलं. म्हणून भीती गेली असं नाही. नांदेडच्या गाडीत दर थांब्याला उतरून माघारी जावं वाटत होतं.

पडद्याच्या डॉक्टरनं डाव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं. सुई दिसत नाही, पण ती येऊन राहिली हे कळतं. उजव्यालाही लेसरची किरणं मारायची म्हणाला. मी म्हटलं, "उजवा तर चांगला हाय." तो म्हणाला, "चांगला वाटतोय. आत नसा बिघडायला लागल्यात. डावा किती परत येईल सांगता येत नाही, पण हा वाचेल." ज्या डोळ्याच्या भरवशावर मी होतो, तोही गुपचूप चालला होता.

फिजिशियननं गोळ्या लिहिल्या अन् किडनीचीही तपासणी करू म्हणाला. तो शब्द मला नवा नव्हता. रिपोर्ट आला. "थोडा ताण आहे," डॉक्टर म्हणाला. "साखर ताब्यात ठेवली तर निभेल. किडनीच्या डॉक्टरची सध्या गरज नाही."

'गरज नाही' ऐकून माणसाला बरं वाटायला पाहिजे. मला तो हाडवाला आठवला.

"साहेब, गरज पडली ते आधी तुमाला कळंल का मला?"

"मलाच कळेल. म्हणून तर सारखं तपासायचं."

"मग ज्या दिवशी तुमचं काम नसंल त्याच दिवशी बोला. मी वाईट वाटून घेणार न्हाई. पण धरून ठेवू नका."

त्याचा पेन थांबला. "बरं बाबा," म्हणाला.

डाव्या डोळ्यातला धूर पातळ झालाय, गेला नाही. अन् परवापासून तळपायाला मुंग्या येऊन राहिल्या. हे साखरेवाला पाहतो का नसांचा डॉक्टर वेगळा असतो, मला ठाऊक नाही. जीव धास्तावलेलाच आहे. पण चहा पितानाच सुनेला सांगून टाकलं.

"कधीपासून?"

"परवापासून."

"अन् आज सांगून राहिले!" म्हणाली, अन् हातातलं पीठ तसंच ठेवून फोन शोधायला उठली.