एक थेंब स्टिकर

माझा चेहरा दोन रंगांचा आहे. कपाळ गोरं आणि भुवयांपासून खाली सगळं काळंसावळं. यात आजार काही नाही. तीस वर्षं डोक्यावर टोपी आणि पाठीवर फवारणीचा पंप घेऊन खोडदच्या उन्हात उभा राहिलेला कोणीही माणूस टोपी काढल्यावर असाच दिसतो, अर्धवट रंगवून सोडलेल्या भिंतीसारखा. त्यामुळे कुठं कॅमेरा निघाला की मी हळूच मागं सरकतो. थोरल्या लेकीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी एकदाच आहे, तेही मनगटापुरता. (मनगट माझंच. घड्याळावरून ओळखलं.)

धाकटी स्नेहल पुण्यात औषधांच्या दुकानात कामाला आहे. पारगावच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. साखरपुड्याच्या आठ दिवस आधी ती घरी आली आणि पिशवीतून दोन इवल्याशा तपकिरी बाटल्या काढून तिनं माझ्यासमोर ठेवल्या.

"आप्पा, मला तुमच्यासोबत एक फोटो पाहिजे. टोपी काढून. ताईच्या वेळी पळालात, माझ्या वेळी पळायचं न्हाई."

"अगं, तुझा फोटो खराब व्हईल."

"म्हणूनच हे आणलंय. थंडीत चेहऱ्याला काय लावता तुमी?"

मी खरं ते सांगितलं. थंडीत खोबरेल, उन्हाळ्यात घाम, पावसाळ्यात पाऊस.

"मग आता थंडीच्या रुटीनमधी हे घ्यायचं. व्हिटॅमिन सीचं सीरम. सकाळी तोंड धुऊन दोन थेंब. चेहरा उजळतो. आठ दिवसांत जादू व्हणार न्हाई, पण तजेला येईल. आधी थोडं कानामागं लावून बघा."

"आन् दुसरी बाटली?"

"नानांना." नाना म्हणजे माझे होणारे व्याही. ऊस आणि कांदा करतात. "तेपण टोपीवालेच. तेपण फोटोतनं पळतात."

ती पुण्याला गेली आणि मी बाटली वाचायला घेतली. त्यावर लिहिलं होतं 'ॲक्टिव्ह' आणि पुढं टक्केवारी. ते वाचल्यावर माझ्या जिवात जीव आला. हे तर आपल्याच खात्यातलं निघालं. कांद्यावरच्या करपा रोगाच्या औषधावरही असंच लिहिलेलं असतं.

चार दिवस मी नेमानं सीरम लावलं. आधी नेहमीचं खोबरेल, मग त्यावर दोन थेंब. थेंब तेलावरून घसरत हनुवटीवर यायचे आणि तिथून सदऱ्यावर पडायचे. चेहरा होता तसाच राहिला. सदरा थोडा उजळला असावा.

आता कांद्याची पात मेणचट असते. नुसतं औषध मारलं की ते घरंगळून वाफ्यात जातं. म्हणून पंपात थोडं चिकटद्रव्य घालावं लागतं, आमच्याकडं त्याला स्टिकर म्हणतात. आरशात घसरणारा थेंब बघितला आणि मला एकदम उलगडा झाला. औषध चांगलं आहे, पण धरत नाही. पोरगी पुण्याची झाली, स्टिकर सांगायला विसरली.

स्टिकरचा डबा गोठ्यातल्या फळीवर होताच. तळहातावर दोन थेंब सीरम घेतलं, त्यात एक थेंब स्टिकर.

पण मी अडाणी माणूस नाही. नवं औषध मी सगळ्या रानावर कधीच मारत नाही. आधी अर्ध्या वाफ्यावर मारायचं, अर्धा तसाच ठेवायचा, म्हणजे फरक कळतो. त्या नियमानं मी ते मिश्रण फक्त डाव्या गालावर चोळलं. (स्नेहलनं कानामागं सांगितलं होतं. पण कानामागचं पीक बघणार कोण?) आणि कांद्याला पाणी भरायला गेलो.

पहिल्या तासात गाल असा चमकला की मला बरं वाटलं. दुसऱ्या तासात चुणचुण सुरू झाली. औषध लागू पडतंय, असं मी स्वतःला समजावलं. दुपारी सुमन, म्हणजे आमची मंडळी, भाकरी घेऊन आली तेव्हा माझा डावा डोळा निम्मा मिटला होता.

"अहो, काय चावलं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई कसं? गाल टमाट्यावानी झालाय. गांधीलमाशी व्हती का?"

मग सांगावंच लागलं. तिनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं.

"ते त्वांड हाय का वाफा?"

"एकच थेंब टाकला."

"त्या रानापलीकडच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या बघा. दिवसभर आभाळाकडं बघत्यात. आज तुमच्याकडं पाठ करून हायेत."

मंचरला डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी गालाला काय लावलं होतं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा विचारलं. मग मलम लिहून दिलं. "पाच-सहा दिवस लागतील."

साखरपुड्याला तीनच राहिले होते.

संध्याकाळी स्नेहलचा व्हिडिओ कॉल आला. मी उजवा गाल पुढं करून बसलो.

"आप्पा, समोर बघा की."

"समोरनं ऊन येतंय."

"सहा वाजता?"

"थंडीतलं ऊन हाय, तिरकं असतं."

ती हळूच म्हणाली, "आप्पा, तुमी याही फोटोत येणार न्हाई ना?"

"येणार," मी म्हणालो. शब्द दिला खरा, पण त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर तीन रंग होते. कपाळ गोरं, उजवं काळं, डावं लाल. एका रानात तीन वाण.

साखरपुड्याच्या दिवशी मी कार्यालयात शिरलो तो तोंडावर उपरणं घेऊन. स्नेहलनं ते ओढलं. तिनं गाल बघितला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मी दोन थेंब सांगितलेलं."

"दोनच टाकले. तिसरा वेगळा व्हता."

"कशाचा?"

"स्टिकरचा."

ती काही बोलणार तेवढ्यात समोरून नाना आले. अंगात नवा सदरा, गळ्यात मफलर, आणि तो मफलर पार कानापर्यंत गुंडाळलेला. जवळ येऊन त्यांनी माझा गाल निरखला, एखाद्याच्या रानातलं पीक निरखावं तसा.

"पावणं," ते हळू आवाजात म्हणाले, "स्टिकर सिलिकॉनचा का साधा?"

"साधा."

"किती?"

"थेंबभर."

"जास्त झाला. मी निम्माच घेतला." आणि त्यांनी मफलर खाली केला. उजवा गाल, माझ्या डाव्याचा सख्खा भाऊ. "पर मी म्हणलं, सगळ्या त्वांडाला नगं. आधी एका बाजूला मारून बघू."

स्नेहल एकदा माझ्याकडं बघे, एकदा त्यांच्याकडं. मग ती खुर्चीत बसून अशी हसली की तिचं काजळ गालावर उतरलं. (आता तिच्याही चेहऱ्याला दोन रंग आले.) डोळे पुसून ती उठली, तिनं आम्हा दोघांच्या टोप्या काढून घेतल्या, मला स्वतःच्या बाजूला उभं केलं, नानांना मुलाच्या बाजूला.

"आता दोघं एकमेकांकडं बघा. हलायचं न्हाई."

फोटो झाला. मधे नवरा-नवरी कॅमेऱ्याकडं बघतायत. दोन्ही कडांना आम्ही व्याही, चांगले गाल पुढं करून, एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभे. हसू आवरता येईना म्हणून दोघांचे ओठ थरथरतायत.

तो मोठा करून आम्ही बैठकीच्या खोलीत लावलाय. येणारा प्रत्येक जण म्हणतो, व्याह्या-व्याह्यांत एवढी माया कुठं बघितली न्हाई. परवा सुमनची मावशी आली. चष्मा लावून तिनं तो फोटो नीट बघितला, पुन्हा बघितला आणि विचारलं, "सुमे, साखरपुडा नेमका कुणाचा व्हता गं?"

सुमननं चहाचा कप तिच्या हातात दिला.

"पोरीचाच व्हता, मावशे. पर नटून आमचे हे गेलते."