दोनच जागांची गाडी

आमच्या घरात दोघांसाठी म्हणून काहीच नव्हतं. चहाचं पातेलं आल्यागेल्यासकट सगळ्यांना पुरेल असं, चटई सगळ्यांची, जत्रेला जायचं तर अख्खी बैलगाडी भरून. लग्न होऊन वर्ष होत आलं, तरी मी आणि हे कुठे दोघंच गेलो असं घडलं नव्हतं. एकदा आगाशीच्या बाजाराला दोघांनी जायचं ठरलं, तर मी पदर सारखा करून बाहेर येईपर्यंत सासूबाई, नणंद, शेजारच्या काकी आणि काकींच्या नाती अंगणात तयार उभ्या. राग आला असं नाही. पण बाजारात ह्यांच्या मागून चालताना वाटलं, ह्या माणसाचा चेहरा ओळखीचा होण्याआधी पाठच ओळखीची होणार.

म्हणून ती गाडी आमच्याकडे आली आणि मी आत डोकावले, तेव्हा मला एकच गोष्ट दिसली. तिला मागे बाकच नव्हता. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, आणि संपली गाडी.

ती मुंबईच्या एका शेठची होती. अर्नाळ्याला समुद्रावर त्यांचा बंगला होता, तिथल्या शेडमध्ये ती बरीच वर्षं उभी होती. हिरवी, बुटकी, कापडी छपराची, विलायतेत बनलेली. शर्यतीची गाडी म्हणे. पण आमच्या बोळिंजला ती आली बैल जुंपून. पुढे दोन बैल, मागे ही, आणि स्टिअरिंग धरून बसलेले आमचे हे. बैलांच्या शेपट्या थेट काचेवर आपटत होत्या. माझ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, ओट्यावरूनच विचारलं, "दादा, शर्यत कोणती, बैलगाड्यांची का?" मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. सासरी मोठ्याने हसायची मला तेव्हा लाज वाटायची.

वाडीच्या कडेला, विहिरीपाशी, ह्यांची पत्र्याची शेड होती. तिथे हे विहिरीवरची पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचे, कधी एखादी स्कूटर. अशी गाडी पहिल्यांदाच हाताखाली आली होती. शेठ रविवारी येणार होते. त्याआधी चालू झाली तर अर्नाळ्यापर्यंत पळवून बघ, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. हे मला ह्यांनी मागच्या दारी सांगितलं, मी भांडी घासत होते तेव्हा. सांगून झाल्यावर केळीकडे बघत म्हणाले, "ट्रायलला बाजूला कोणीतरी बसायला लागतं."

हातातलं पातेलं मी इतकं घासलं, की सासूबाईंनी ते उचलून उन्हात धरलं आणि आज कोण पाहुणे येणार आहेत असं विचारलं.

त्या दिवसापासून गाडीची काळजी ह्यांच्यापेक्षा मला जास्त. शेडमधून आवाज आला की माझा हात थांबायचा. इंजिन सुरू व्हायचं, पण लंगडत. थडथड करायचं, खोकायचं, मध्येच फटाका काढायचं आणि गप्प. ह्यांनी सांगितलं की प्लग काढून साफ करायला हवेत. इंजिनाच्या डोक्यावर चार प्लग असतात, प्रत्येकाला एक जाड काळी तार येते आणि तारेच्या टोकाला रबराची टोपी असते. ती टोपी प्लगवर घट्ट बसते. आधी टोपी काढायची, मग प्लग. एवढंच काम. पण समुद्राची खारी हवा आणि इतकी वर्षं, ते रबर प्लगला असं चिकटलं होतं, जसा फणसाचा चीक विळीला.

पहिली टोपी ह्यांनी जोर लावून ओढली. तार हातात आली, टोपी जागेवरच. ह्यांचा चेहरा असा झाला, जणू गाईची शेपटी हातात राहिली आणि गाय गोठ्यात गेली. अडकलेली टोपी कापून काढली. जुन्या गाडीची एक टोपीसकट तार ह्यांच्याकडे होती, ती तिथे लागली. पण दुसरी नव्हती. आता आणखी एक जरी तुटली, तरी तार मुंबईहून येणार, रविवारी शेठबरोबर त्यांचा मेस्त्री येणार आणि ट्रायल तो मेस्त्री करणार. बाजूला कोण बसेल? शेठ. मला ते चित्र डोळ्यांपुढे दिसायचं आणि त्या शेठचा, ज्यांना मी पाहिलंही नव्हतं, फार राग यायचा.

शनिवारी दुपारी सासूबाई जेवून कलंडल्या होत्या. वन्सं शिवणाच्या क्लासला गेल्या होत्या. मी चुलीवर पाणी तापवून तांब्यात घेतलं आणि शेडमध्ये गेले, कारण ह्यांनी रबर शेकायला गरम पाणी मागितलं होतं. मागितलं नसतं तरी मी काहीतरी घेऊन गेलेच असते.

गरम फडकं गुंडाळून, थोडं शेकून, मग टोपी हळूच उजवीकडे डावीकडे फिरवत ह्यांनी दुसरी काढली. मग तिसरी. प्रत्येक वेळी मी श्वास धरून ठेवायचे आणि ती निघाली की आम्ही एकमेकांकडे बघायचो. चौथी मात्र अगदी मागे, एका वाकड्या नळीखाली होती. ह्यांचा पंजा तिथे शिरेना. पक्कड लावली तर रबर फाटणार. हे उताणे झाले, पालथे झाले, बॉनेटवर आडवे झाले. शेवटी काळ्या हातांनी कपाळ पुसून माझ्याकडे बघत बसले. कपाळावर आडवं गंध लावल्यासारखा पट्टा. मला हसू फुटलं.

"हसतेस काय, हात दाखव," म्हणाले.

मी हात पुढे केला. ह्यांनी तो मनगटाशी धरला, उलटा सुलटा करून पाहिला, जसा पाना बघतात. भर दुपारी, दार सताड उघडं. म्हणाले, बसेल. मला सांगितलं की ओढायचं नाही, फक्त पिळायचं. आदल्याच दिवशी कासारीण येऊन गेली होती आणि सासूबाईंनी स्वतः निवडून हिरव्यागार बांगड्या माझ्या हातात भरल्या होत्या. त्या मी वर सारल्या आणि हात घातला.

आत तेल, धूळ, कोळ्याचं जाळं. बोटांना टोपी लागली. पिळली, हलेना. पुन्हा शेकली, हलेना. तेव्हा मला माहेरचं वासरू आठवलं. त्याला आचळापासून सोडवताना मी कधी ओढलं नाही, गाय लाथ मारते. तोंडाच्या कोपऱ्यातून बोट आत सारायचं, वारा शिरला की पकड आपोआप सुटते. मी करंगळी टोपीच्या कडेखाली सारली, जरा तिरकी केली. फुस्स झालं. टोपी माझ्या मुठीत.

"निघाली?" ह्यांनी विचारलं.

"निघाली."

तारेसकट?

तारेसकट.

मग मी हात बाहेर ओढला आणि तो आला नाही. बांगड्या खाली घसरून नळीच्या मागे अडकल्या होत्या. आधी वाटलं मूठ मिटलेली आहे म्हणून. टोपी सोडली. तरी येईना. मी एका पायावर, खांद्यापर्यंत गाडीच्या पोटात, गाल गरम पत्र्यावर. हे म्हणाले, दोन बांगड्या वाढवूया, मग निघेल. मी ठाम नाही म्हटलं. कालच भरलेल्या बांगड्या, त्याही नवऱ्याच्या हातून, त्याही इंजिनात? सासूबाईंना काय सांगायचं? ह्यांना ते पटलं. पण दुसरा उपाय सुचेना. ह्यांनी तेवढ्यात हळूच विचारलं, पाणी हवंय का. म्हणजे आता माझा मुक्काम इथेच धरून चालले होते. मला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. हसले की बांगड्या किणकिणायच्या, त्या किणकिणल्या की हेही हसायचे.

त्यातच वन्सं आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी पाहिलं, भाऊ जमिनीवर बसून डोळे पुसतोय आणि वहिनीचा एक हात गाडीने गिळलाय. वळून त्या घराकडे ओरडत सुटल्या, "आई, गाडीनं वहिनीला धरलं."

सासूबाई आल्या, केस सुटलेले, हातात काठी. मला वाटतं, त्यांना आधी साप वाटला असावा. सगळं पाहिल्यावर त्यांनी काठी भिंतीला टेकवली. माझं हसू मात्र जाईना, ते नाकातून येत राहिलं.

"बांगड्या फोडल्यास का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई."

"मग रडायला काय झालं?"

"रडत नाही."

त्यांनी वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वन्संना खोबरेल तेल आणि जुन्या लुगड्याची चिंधी आणायला पाठवलं. मग माझ्या दंडावर तेल सोडलं, ते ओघळत खाली जाऊ दिलं, आणि आपली बारीक, सुरकुतलेली बोटं माझ्या हाताशेजारून आत सारली. कासारीण चढवते तशी एकेक बांगडी दाबत, फिरवत कोपराकडे घेतली आणि चिंधीने वर बांधून टाकली. सगळा वेळ पुटपुटत होत्या, की ह्याच्या बापानेही एकदा इंजिनात धोतर घातलं होतं, हे घराणंच असं. मग म्हणाल्या, आता ये. मी आले. बोटांत टोपी आणि तार. सोडली होती ती केव्हा पुन्हा धरली, मलाच कळलं नाही.

पुढचं काम ह्यांनी भराभर उरकलं. प्लग घासले, बसवले, टोप्या आपापल्या प्लगवर दाबल्या. किल्ली फिरवली. गाडी एकदा शिंकली आणि मग अशी एकसुरात घुमू लागली, की केळीची पानं थरथरली आणि कोंबड्या विहिरीमागे पळाल्या. हे माझ्याकडे बघून हसले. मी खाली बघितलं.

आणि तेव्हा वन्सं दार उघडून बाजूच्या खुर्चीत बसल्यासुद्धा.

काय करणार? धाकटी नणंद, हौस असणारच. सासूबाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. मागे वाकून पाहिलं.

"ह्यात दोघंच मावतात?"

"दोघंच," हे म्हणाले.

सासूबाई आत गेल्या आणि एक नारळ घेऊन आल्या. म्हणाल्या, आपल्याकडे सायकल आणली तरी पहिली फेरी गावदेवीला जाते. वन्संनी म्हटलं, गाडी आपली कुठे आहे? सासूबाई म्हणाल्या, हात आपल्या घरचा अडकला होता ना तिच्यात, मग आपलीच. वन्संनी नारळासाठी हात पुढे केला.

"नारळ सवाष्णीनं धरायचा असतो," सासूबाई म्हणाल्या. "तू कोणाची सवाष्ण? उतर खाली."

नारळ त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांचे स्वतःचे हात मोकळे होते, मी आले तेव्हापासून मोकळेच पाहिले होते. कोपराशी बांधलेली चिंधी सोडून त्यांनी माझ्या बांगड्या मनगटावर उतरवल्या आणि म्हणाल्या, "देवीला घाई नाही. सावकाश या."

गाडीत नारळ सवाष्णीने धरायचा, हा नियम मी माहेरी कधी ऐकला नव्हता. सासरीही त्यानंतर कधी ऐकला नाही.

त्या गाडीत बसल्यावर जमीन इतकी जवळ, की हात खाली सोडला तर धूळ लागेल. छप्पर मागे दुमडलेलं. नाक्यावर लोक बघायला लागले तशी मी पदराने तोंड झाकलं, पण पुढे वाऱ्याने तो पदर उडून ह्यांच्या तोंडावर गेला आणि गाडी पार एका कुंपणाकडे वळली. ह्यांनी एका हाताने पदर सोडवला. एक म्हैस रस्त्यात उभी होती. तिची मान आमच्या डोक्यांच्या वर. ह्यांनी भोंगा वाजवला तर तो बेडकासारखा डरावला. म्हशीने आम्हाला वरून पाहिलं आणि माझं हसू मोठ्याने सुटलं, रस्त्यावर, सगळ्यांदेखत. मी ते दाबलं नाही. हे म्हणाले, "तुझा आवाज असा आहे होय?"

मी म्हटलं, "अहो, अजून जोरात पळवा."

आगाशी मागे गेली. सुरूची झाडं आली, वाळू आली, समुद्र आला. आम्ही उतरलोसुद्धा नाही. तसेच बसून राहिलो, शेजारी शेजारी, आणि मी ह्यांचा चेहरा बाजूने नीट पाहून घेतला. कानाजवळ एक तीळ आहे. त्या दिवशी कळला.

घरी आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. वन्संनी मला उतरायला लावलं आणि ह्यांना नाक्यापर्यंत चक्कर मारायला घेऊन गेल्या. मी ओट्याशी आले. सासूबाई माझ्या हाताकडे बघत होत्या. मीही बघितलं. नारळ, शेंडीसकट, अख्खा.

देऊळ वाटेत होतं. दोनदा वाटेत होतं. आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं.

त्यांनी नारळ माझ्याकडून घेतला, कानाशी धरून हलवला, आतलं पाणी ऐकलं.

"देवी घरी नव्हती वाटतं," म्हणाल्या.

मी मान खाली घातली. त्यांनी नारळ सुपाशेजारी ठेवला आणि पुन्हा तांदळातले खडे वेचू लागल्या. "उद्या मी देऊन येते, पायीच," म्हणाल्या. "माझं तिचं जुनं आहे, ती काही बोलायची नाही. तू आधी केस विंचर. सगळा समुद्र घेऊन आलीस डोक्यावर."