ईस्टरला काहीच झालं नाही

एस्तेर, नोएल,

परवा फोनवर एस्तेर म्हणाली, "आज्जी, नोकरी गेली, व्हिसाचं काही कळत नाही, आणि तू म्हणतेस प्रार्थना कर, धीर धर. धीर धरायचा म्हणजे नेमकं करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. धीर धरणं मी चर्चमध्ये ऐकलं आणि ड्युटीवर शिकले. त्यातली एक ड्युटी सांगते.

करोनाचं दुसरं वर्ष. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची सकाळ. चर्चला कुलूप होतं आणि उपासना मोबाइलवर. आपल्या मिशन दवाखान्यातला निम्मा स्टाफ तापानं पडला होता, म्हणून नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या मला परत बोलावलं होतं. मी हात धूत होते तेवढ्यात लोहारा गावाकडची एक जीप दारात थांबली. नवरा मल्लिनाथ आणि सासू काशीबाई, दोघांनी मिळून महानंदाला उतरवलं. वय तिशीच्या आत.

"पोटात कळा येत्यात म्हणती," मल्लिनाथ म्हणाला. "गॅस झाला आसंल."

आमच्या डॉक्टरांनी पोटाकडं पाहिलंच नाही. तिच्या पापण्यांकडं पाहिलं. त्या मिटत चालल्या होत्या.

"रात्री झोपली कुठं होती?"

"खालीच की. उकडतंय किती."

"मण्यार चावलीय," डॉक्टर म्हणाले.

मण्यार हा साप झोपलेल्या माणसाला चावतो. बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही सापडत नाही. त्याचं विष नसांचे निरोप बंद करतं. आधी पापण्या, मग जीभ, मग हातपाय, शेवटी श्वास. विषावरचं औषध आम्ही लगेच लावलं. पण ते फक्त पुढचं नुकसान थांबवतं. बंद पडलेल्या नसा आपल्या वेळेनं उघडतात. तोवर पेशंटचा श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा.

दुपारपर्यंत तिचा श्वास थांबला. डॉक्टरांनी घशात नळी घातली. आमचा एकुलता एक व्हेंटिलेटर करोनाच्या पेशंटला लावलेला होता. सोलापूरला फोन झाले, लातूरला झाले. कुठंच मशीन रिकामं नव्हतं.

"सिस्टर, अँबू बॅग," डॉक्टर म्हणाले.

अँबू बॅग म्हणजे रबरी फुगा. नळीला जोडायचा आणि हातानं दाबायचा. दाबला की पेशंटच्या छातीत हवा जाते, सोडला की बाहेर येते. दाबणारा थांबला की पेशंट गेला. स्टाफ अपुरा होता, त्यामुळे मी घरच्या दोघांनाही शिकवलं. "घड्याळ बघू नका. आपण श्वास घेतला की दाबायचं, सोडला की सोडायचं. तुमच्या श्वासावर तिचा श्वास."

काशीबाईंनी पदर खोचला आणि पहिल्याच खेपेला फुगा नीट दाबला. मल्लिनाथ घाईघाईनं दाबत होता.

"अरं, हळू. भाता हाय का तो?" काशीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे तपासले. बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला हलत नव्हत्या. मल्लिनाथनं ते पाहिलं. 'तिला घरी घेऊन या' म्हणून त्याला गावाकडून सारखे फोन येत होते. शनिवारी सकाळी तो डॉक्टरांसमोर हात जोडून उभा राहिला.

"साहेब, आमी तिला घरी नेतो. जीव गेलाय. तुमी नुसती हवा भरताय."

"गेला नाही. मण्यारीच्या विषात बाहुल्या अशाच होतात. नाडी चालू आहे."

"मग जित्ती हाय हे कळायचं कसं?"

"वाट बघून."

"किती?"

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

खरं उत्तर होतं, पण त्या माणसाला ते पुरेना. तो नळीकडं बघत होता. त्यानं ती काढा म्हटलं असतं तर आम्ही किती अडवलं असतं, मला सांगता येत नाही. फुगा तेव्हा काशीबाईंच्या हातात होता. त्या म्हणाल्या, "मल्ल्या, तुला जायचं तर जा. जनावरांना पानी पाज. माझी सून हितंच ऱ्हाणार हाय." तो गेला नाही. कोपऱ्यात बसला आणि पाळी आली की उठून दाबू लागला.

शनिवारबद्दल शुभवर्तमानात जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. शुक्रवारी क्रूस, रविवारी उघडी कबर. मधल्या दिवशी येशूच्या मागून आलेल्या बायका थांबल्या, एवढंच. लहानपणी मला वाटायचं, तो दिवस सांगण्यासारखा नसेल. त्या शनिवारी कळलं की बहुतेक आयुष्य त्याच दिवशी चालतं. मी स्तोत्रं गुणगुणत दाबत राहिले. मनगट दुखलं की हात बदलायचा, हात थकला की माणूस बदलायचा.

"सिस्टर, तुमच्या देवाला सांगितलं का?" काशीबाईंनी विचारलं.

"सांगितलंय."

"मग काय म्हनला?"

"अजून काही म्हणाला नाही."

"आमचा महादेव बी गप्पच हाय," त्या म्हणाल्या, आणि फुगा माझ्या हातातून घेतला.

आता कबूल करायला हरकत नाही, रविवारी पहाटेपासून माझं लक्ष महानंदाच्या चेहऱ्यावर होतं. ईस्टर होता, येशू उठल्याचा दिवस. देव कॅलेंडर पाळेल असं मला कुठंतरी वाटत होतं. पाळकसाहेबांची उपासना मोबाइलवर झाली, काशीबाई, मल्लिनाथ आणि मी, तिघांनी वॉर्डातच 'आमेन' म्हटलं. ईस्टरला काहीच झालं नाही. दिवसभर फुगा दाबला.

मी काशीबाईंना सांगितलं होतं, "बोलत राहा. तिला ऐकू येत असणार." सोमवारपर्यंत त्यांचं बोलणं संपत आलं होतं. नातेवाईक झाले, पाऊसपाणी झालं, मल्लिनाथचं लहानपण झालं. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "आन तुझी ती म्हैस! तुझ्याबिगर कुनाला हात लावू देईना. दूध चोरून धरती. आता उठलीस तर उठ, न्हाय तर बाजारात इकून टाकते बघ तिला."

चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा हलला.

"परत म्हणा," मी म्हणाले.

"काय?"

"म्हशीचं."

"इकते म्हनलं मी म्हैस!"

अंगठा पुन्हा हलला. मल्लिनाथ धावत डॉक्टरांना बोलवायला गेला आणि बोलवायचं सोडून दारातच रडत बसला. शेवटी मीच हाक मारली.

त्यानंतर सगळं सावकाश झालं. आधी पाय, मग बोटं, मग पापण्या, आणि एक दिवस तिचा स्वतःचा श्वास. नळी काढल्यावर घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य ती सासूला बोलली, "म्हैस इकली का?"

"न्हाय गं बाई माझी," काशीबाई म्हणाल्या, आणि पदरानं तिचं तोंड पुसलं.

महानंदाला बरंच ऐकू आलं होतं. नवरा 'घरी नेतो' म्हणाला तेही. त्याला तिनं पुढं बरेच दिवस ते ऐकवलं. मला म्हणाली, "सिस्टर, तुमचं गानं लई येळ चाललं. पन ते चालू असलं की वाटायचं, अजून कुनी गेलं न्हाय." आभार मी पुष्कळ ऐकलेत. याहून मोठे नाहीत.

तेव्हा एस्तेर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नसा कधी उघडतील ते आपल्या हातात नसतं, आणि देव सहसा आपली तारीख धरत नाही. आपल्या हातात फुगा असतो. तो दाबायचा. मनगट दुखलं की दुसऱ्याला हाक मारायची, लाजायचं नाही. रोजचा अर्ज पाठव, जेवण वेळेवर कर, आणि रात्री मला फोन कर. आपल्या श्वासावर दुसऱ्याचा श्वास चालतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

काशीबाई मागच्या वर्षी गेल्या, झोपेत, शांतपणे. महानंदा ठणठणीत आहे आणि पलंगावर मच्छरदाणी खोचून झोपते. म्हैस म्हातारी झाली, दूध आटलं. तिला विकलेलं नाही.

तुमची आज्जी