विरोधात वर गेलेला हात

इथे परदेशातल्या आमच्या मराठी मंडळात ठराव कधी हरत नाही. "बाजूने कोण?" एवढंच विचारायचं, हात वर, टाळ्या, मग चहा. विरोधात कोण हे विचारलं तर माणसं दुखावतात, म्हणून ते विचारायचंच नाही. ही रीत मीच पाडलेली. मी दोनदा अध्यक्ष झालो होतो, आणि तिसऱ्यांदा कुणी व्हायचं नाही हा नियमही माझ्याच हातचा. यंदा तो बदलून घ्यायचा माझा बेत होता. माझ्याशिवाय मंडळाचं पान हलत नाही, असं मला मनापासून वाटायचं.

माझी मुलगी युनिव्हर्सिटीत कन्फ्युशियस या प्राचीन चिनी विचारवंताचं तत्त्वज्ञान शिकते. जन्म इथलाच, मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत. यंदाच मंडळाची सभासद झाली होती. ठरावाचा मसुदा वाचून ती चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, हे बरोबर नाही. रूल तूच केलास ना?"

"तुझे ते चिनी आजोबा मोठ्यांचं ऐका म्हणतात ना? मग ऐक."

"सगळ्यांना तेवढंच माहीत असतं. मोठे चुकले तर त्यांना सांगणं, हीपण ड्युटीच आहे. मान ठेवून सांगायचं. नाही ऐकलं तर परत सांगायचं. आणि लीडरच रूल मोडायला लागला, तर बाकीचे कशाला पाळतील?"

मी हसण्यावारी नेलं. आठवडाभरात तिने आणखी दोनदा सांगितलं, आवाज न चढवता. शेवटचं सभेच्या दिवशी, न्यू लिन या आमच्या उपनगरातल्या हॉलबाहेर, माझ्या हातातला समोशांचा ट्रे घेता घेता. "पुरे आता," मी खेकसलो.

सभेत हात भराभर वर गेले. मला हुक्की आली. इतिवृत्तात 'एकमताने' असा शब्द हवा होता, म्हणून पहिल्यांदाच विचारलं, "विरोधात कोण?"

मागच्या रांगेत एक हात वर गेला. मुलीचा. तो खाली येत नव्हता. लोक वळून बघत होते, कुणीतरी हसलंही. ज्यांना काका-मावशी म्हणायला मी तिला शिकवलं, त्या सगळ्यांसमोर ती एकटी होती.

आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग लाज वाटली. आणि मग ऊर भरून आला. त्या हॉलमध्ये माझा खरा मान राखणारं एकच माणूस होतं, आणि तेच माझ्या विरोधात होतं.

"ठराव मागे घेतो," मी म्हणालो. "एक मत विरोधात पडलं. इतिवृत्तात तसंच लिहा, आणि ती माझी मुलगी आहे, हेही लिहा."