आबांच्या खिशातली हलगी

पार्किन्सनने माझ्या वडिलांचे, आबांचे, पाय जमिनीला खिळवून टाकले. बाथरूमकडे निघायचे आणि दाराच्या चौकटीशी थबकले की थबकलेच. जन्मभर वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहिलेला माणूस, त्याला स्वतःचं पाऊल उचलेना. मी दिवसभर ऐरोलीला ऑफिसात, नेरूळच्या फ्लॅटमध्ये ते एकटे. बाई ठेवू म्हटलं तर अंगावर यायचे. "संडासला न्यायला परकी बाई? त्यापरीस मेल्यालं बरं."

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी ठेक्यावर चालवून बघा म्हणून सांगितलं. यंत्राच्या टिकटिकीवर आबा ढिम्म हलेनात. मग मी साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून चुलतभावाकडून हलगी रेकॉर्ड करून मागवली, कारण तरुणपणी आबा जत्रेत लेझीम खेळायचे. हलगी कडाडली आणि त्यांचा उजवा पाय उचलला गेला. मला तिथेच रडू फुटलं.

तेव्हापासून फोन सदऱ्याच्या खिशात. बटण दाबायचं आणि हलगीवर बाथरूम गाठायचं, कुणाचा हात न धरता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "रोज कसली मिरवणूक काढता ओ?" मी त्यांना असं काही सुनावलं, की पुन्हा वर बघितलं नाही त्यांनी.

एका दुपारी मीटिंग संपली आणि गोळी घेतली का ते विचारायला मी फोन लावला. उचलला नाही, म्हणून पुन्हा लावला. फोन आला की चालू गाणं बंद पडतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दिवसभर कंप्युटरपुढे बसणाऱ्या मला ते सुचलं नाही.

आबा तेव्हा चौकटीत होते. हलगी थांबली, पाय थांबले, अंग पुढे गेलं. खुबा मोडला. शेजाऱ्यांकडे किल्ली होती म्हणून निदान लवकर सापडले.

हॉस्पिटलात त्यांनी विचारलं, "कुनाचा गं फोन हुता त्यो?"

"जाहिरातवाल्यांचा असेल," मी म्हटलं. आबांनी जाहिरातवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नर्स हसली. मीही हसले, आणि बाहेर जाऊन त्यांच्या फोनमधले माझे दोन्ही मिस्ड कॉल पुसून टाकले.

त्यानंतर आबा उभे राहिले नाहीत. ते जाईपर्यंत त्यांचे डायपर मीच बदलले. मी बदलायला लागले की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे आणि त्या फोनवाल्याला शिव्या घालायचे. मी म्हणायचे, "हो आबा, मेला कुठला."