माहेरच्या आहेराचा पंखा

घरभरणीला माहेरच्यांनी आहेर आणायचा असतो. साडी, जावयाला टॉवेल-टोपी, फार तर एखादं भांडं. माझ्या धाकट्या भावाने फोनवर विचारलं, "आक्का, काय आणू? मोठं सांग कायतरी." मी तोंड उघडायच्या आत पुढे म्हणाला, "आन् घरभरणी झाली की ते घोडेगावचं काम बी उरकून टाकू."

घोडेगावचं काम म्हणजे हक्कसोड. वडील गेल्यावर बहिणीने जमिनीतला आपला हिस्सा भावासाठी सोडला असं लिहून द्यायचं, रजिस्टर ऑफिसात सही करायची आणि भावाने घेतलेली साडी नेसून हसत घरी जायचं. आमच्या नात्यातल्या सगळ्या बायकांनी हे केलंय. आत्यांनी केलं, चुलत बहिणींनी केलं. वडिलांची जमीन डिंभ्याला, पाटाच्या कडेला आहे. मी सही केली नव्हती आणि करणार नाही असंही म्हटलं नव्हतं.

"पंखा घे," मी म्हटलं. "हॉलला शोभंल असा. मोठा."

खरं तर हॉलसाठी मी दोन साधे पंखे धरले होते. स्लॅब टाकला त्या दिवशी स्वतः वर उभी राहून दोन हुक सोडून घेतले होते. आमचं हे नवं घर आळेफाट्याला, माझ्या खाणावळीच्या मागे बांधलंय. खाणावळीच्या आधी तिथे माझी चहाची टपरी होती. मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, गाडी बंद पडली, ते घरात बसून राहिले, तेव्हा मी माहेरी जाऊन जमिनीचा एक पट्टा फक्त कसायला मागितला होता. वडील गप्प राहिले. भाऊ म्हणाला, "लोक काय म्हणतील, दिलेली लेक परत आली." मी त्याच पावली निघाले आणि फाट्यावर टपरी टाकली. ट्रकवाल्यांचे ग्लास विसळले. कांदेवाल्याशी भांडले, दूधवाल्याशी भांडले, गॅसवाल्याच्या अंगावर एकदा रिकामी टाकी लोटली. त्या काळात माझा भाऊ नाशिकला जाता-येता फाट्यावर उतरायचा आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा प्यायचा. माझ्याकडे पाठ करून बसायचा. मला त्याचा शर्ट ओळखू यायचा.

एवढी वर्षं मी ती पाठ विसरले नाही. म्हणून नारायणगावच्या दुकानात शिरल्याबरोबर मी छताकडे बघून सगळ्यात मोठ्या पंख्याकडे बोट केलं. लाकडासारखी दिसणारी लांबलचक पाती, मधे नक्षीची पितळी वाटी, तिच्यात दिवा, शिवाय रिमोट. दुकानदाराने बटण दाबलं तर काउंटरवरच्या पावत्या उडाल्या.

"आक्का, ह्यो तर हेलिकॉप्टर हाय," भाऊ म्हणाला.

"तूच म्हनलास ना, मोठं सांग?"

"सांग की. मी कुठं नको म्हनतोय?"

दुकानदाराने किंमत सांगितली आणि माझं तोंड सुटलं. पात्याला लाकूड नाही, नुसता रंग आहे, म्हटलं. दिवा जळाला तर पुन्हा कुठे मिळणार, म्हटलं. उठून दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. भाऊ हसत दुकानदाराला म्हणाला, "शेठ, ही आमची आक्का. तुमी जास्त बोलू नका राव, न्हायतर पंखा फुकटात जाईल आन् वर चहा पाजावा लागंल." शेठ हसला आणि किमतीत खाली आला. मी आणखी खाली आणला. भावाने पैसे मोजले.

खोकं पिकअपमध्ये चढलं, मी भावाशेजारी बसले, आणि तेव्हा लक्षात आलं की मी त्याचेच पैसे वाचवले. त्याला खर्चात पाडायला मोठा पंखा निवडला आणि भाव पाडून त्याचं ओझं मीच हलकं केलं. एरवी मी स्वतःवरच चिडले असते. त्या दिवशी काहीच वाटलं नाही. खिडकीतून बाहेर टोमॅटोचे क्रेट दिसत होते, ते बघत बसले.

पंखा बसवायला वायरमन आला. छताकडे बघून त्याने मान हलवली. "मावशी, हुक दोन हायत आन् दोन्ही कडंला. ह्यो पंखा मधीच पायजे. कडंला लावला तर पातं भिंतीला घासंल."

"मग?"

"मग स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकायचं. आन् मोटर जड हाय, कुनीतरी वर धरायला पायजे."

मालक गाडी घेऊन नाशिकला गेले होते. भाऊ म्हणाला, "मी धरतो." त्याने चपला काढल्या. चढायच्या दोन पत्र्याच्या घोड्या शेजारी शेजारी लावल्या. वायरमनने ड्रिल चालवलं, नव्या फरशीवर सिमेंटची पांढरी भुकटी पडत राहिली. मग भाऊ मोटर खांद्यावर घेऊन दुसऱ्या घोडीवर चढला. मी त्याची घोडी खालून धरली.

"दादा, आता आजिबात हलायचं न्हाई," वायरमन म्हणाला आणि स्क्रू दातांत धरून वायरी जोडायला लागला.

भावाची मान वाकडी झाली होती. त्याला खाली बघता येत नव्हतं. भिंतीकडे बघतच तो बोलला. "आक्का, सोमवारी जमंल का? आधार कार्ड घे बरुबर, आन् दोन फोटू."

"त्या कागदात लिव्हत्यात काय?"

"काय न्हाई गं. राजीखुशीनं हिस्सा सोडते, येवढंच."

"राजीखुशीनं?"

"तसं लिव्हावं लागतं."

मी घोडी धरून उभी होते. माझ्या तोंडासमोर त्याच्या पायांच्या भेगा होत्या. मी विचारलं, "माझ्या टपरीवर तू कधी चहा प्यालास का रे?"

वायरमनचे हात क्षणभर थांबले आणि परत चालू झाले.

"न्हाई प्यालो," भाऊ म्हणाला.

"का?"

"लाज वाटायची, आक्का. बहीण खरकटे गिलास धुती आन् आपन तितं बसून प्यायचं. खोटं कशाला बोलू?"

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायचं म्हणून मी किती भांडणं मनातल्या मनात रचली होती. तो कबूल करणार नाही आणि मग मी त्याला काय काय सुनावीन, ते सगळं पाठ होतं. तो सरळ कबूल झाला आणि मला राग आला नाही, रडू आलं नाही. हातात घोडीचा पत्रा गार लागत होता, तेवढंच कळत होतं.

"मी सही करनार न्हाई," मी म्हटलं.

"आक्का, मोटर हाय खांद्यावर. आत्ता नको."

"सोमवारी यीन, पन सोडायला न्हाई. वारस म्हनून माझं नाव लावायचा अर्ज द्यायला यीन."

त्याने मोटर दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग म्हणाला, "पाटाकडचा तुकडा घे. चांगला हाय, पानी हाय. तेवढा तुला लिहून देतो. बाकीच्यावर सही दे."

इथे मी एरवी बोलले असते. तुकडा नको, अर्धं दे. अर्धं नको तर विहिरीत वाटा दे. समोरच्याने पहिला आकडा सांगितला की दुसरा माझ्या जिभेवर तयार असतो. त्या दिवशी आला नाही. त्याने पुन्हा विचारलं, "मग काय पायजे तुला? सांग की." मी म्हटलं, "नाव." तेवढंच.

"दादा, सोडा हात," वायरमन म्हणाला. "बसला."

भाऊ खाली उतरला. खांद्यावर शर्ट काळा झाला होता. मी म्हटलं, "पंख्याचे पैसे घेऊन जा."

"आहेराचं पैसं घेत्यात का?" तो पहिल्यांदाच चिडून बोलला. "भिकारी समजतीस का मला?" चपला घालून तो निघाला. मी जेवायला थांब म्हटलं नाही. वायरमनने एकट्याने पाती लावली, पंखा सुरू करून दाखवला आणि मान खाली घालून मजुरी घेतली. बोललेलं सगळं त्याने ऐकलं होतं. मजुरीत मी घासाघीस केली नाही.

घरभरणीला भंतेजी आले, बुद्धवंदना झाली, पंगत उठली. माहेरचं कुणी आलं नाही. बायका वर बघायच्या आणि विचारायच्या, "एवढा मोठा कुणी दिला गं?" मी म्हणायचे, "भावानं." मग त्या भाऊ शोधायला इकडे तिकडे बघायच्या.

अर्ज मी दिला. भावाला नोटीस गेली. तो हरकत घेईल म्हणून मी वकील बघून ठेवला होता. हरकत आली नाही. का आली नाही, ते मला माहीत नाही. मी फोन केला नाही, त्यानेही केला नाही.

तलाठ्याने सातबाऱ्याचा नवीन उतारा हातात दिला तेव्हा भावाच्या नावाखाली माझं नाव होतं. वडील वारले म्हणून त्यांचं नाव कंसात गेलं होतं. तलाठी म्हणाला, "मावशी, आता एक ध्यानात ठेवा. विकायचं असो की कर्ज काढायचं असो, दोघांच्या सह्या लागतील. एकट्याला काही करता येणार नाही."

मी बरं म्हटलं. बाहेर येऊन एसटीची वाट बघत बसले. भावाला यंदा पाइपलाइनसाठी कर्ज काढायचंय, हे नात्यातून माझ्या कानावर आलं होतं. म्हणजे एक दिवस तो कागद घेऊन माझ्या दारात येणार. तेव्हा सही करायची की नाही, याचा विचार करून पाहिला. गाडी आली, मी चढले.